पाला कुणाचा, औषध कुणाचं?

झरी-जामणी तालुक्यातल्या एका कोलाम पोडावरच्या मावशींना घेऊन मी नागपूरला गेले होते. मावशींच्या छातीत गाठ होती. ती आधी लिंबाएवढी होती, मग फुटली, आणि आम्ही मोठ्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा आजार हाडांपर्यंत गेला होता. सलाईनमधून औषधाचे काही डोस झाले. पुढे त्यांचा उपयोग होईनासा झाला, तेव्हा डॉक्टरांनी दुसऱ्या एका इंजेक्शनचं नाव लिहून दिलं : एरिब्युलिन. हे कशापासून होतं, असं मी सहज विचारलं. डॉक्टर म्हणाले, "मूळ सापडलं जपानच्या समुद्रातल्या एका स्पंजात."

बाहेर बाकावर बसल्यावर मी ते मावशींना सांगितलं. समुद्र आमच्या जिल्ह्यापासून सहाशे-सातशे किलोमीटर दूर. मावशींनी तो कधी पाहिला नव्हता. त्या विचार करत म्हणाल्या, "समुद्रातलं? मंग ते झाड हाये का जनावर?" मी म्हटलं, प्राणीच, पण झाडासारखा एका जागी चिकटून राहणारा. थोड्या वेळानं त्यांचा दुसरा प्रश्न आला, "अन् आमच्या रानातलं काही लागते का अशा औषधात?" लागतं, असं मी सांगितलं. तेव्हा मावशी म्हणाल्या, "रानातला पाला आमचा, तं औषध काहून नाई आमचं?"

त्या इंजेक्शनचे पैसे आमच्याकडे नव्हते. ते कोणत्या योजनेत बसतं का, हे विचारत फिरण्यात तीन आठवडे गेले. पोळ्याच्या आधी मावशी गेल्या. त्यांचा प्रश्न माझ्याकडे राहिला, आणि तोच या अंकाच्या निमित्तानं तुमच्यापुढे ठेवते आहे.

आधी स्पंजाची गोष्ट. स्पंजाला पाय नाहीत, कवच नाही, पळून जाता येत नाही. म्हणून स्वतःला राखायला त्याच्या अंगात जहाल रसायनं असतात. काही तो स्वतः तयार करतो, काही त्याच्या आत राहणारे सूक्ष्मजीव करतात. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या एका स्पंजात वर्नर बर्गमन या शास्त्रज्ञाला १९५०च्या सुमारास अशीच काही वेगळी द्रव्यं सापडली. त्यांच्या धर्तीवर प्रयोगशाळेत सायटॅराबिन हे औषध तयार झालं. रक्ताच्या कर्करोगावर वापरायला त्याला अमेरिकेत १९६९ साली मान्यता मिळाली आणि ते आजही वापरात आहे. पुढे १९८६ साली हिराता आणि उएमुरा या जपानी शास्त्रज्ञांनी दुसऱ्या एका स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन बी नावाचं द्रव्य वेगळं केलं. सहाशे किलो स्पंजातून ते मिळालं फक्त साडेबारा मिलिग्रॅम! एवढ्यावर कुणाचा आजार बरा होणार? समुद्र खरवडून काढला तरी पुरलं नसतं. अमेरिकेत किशी यांच्या गटानं १९९२ साली ते द्रव्य प्रयोगशाळेत जुळवून दाखवलं, आणि त्याच रेणूचा एक भाग घेऊन पुढे एरिब्युलिन तयार झालं. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावर त्याला २०१० साली अमेरिकेत मान्यता मिळाली. आपल्याकडेही गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत समुद्री जीवांतल्या रसायनांचा अभ्यास होत आला आहे.

स्पंजाच्या बाबतीत वाट कुणा आजीनं दाखवली नव्हती. समुद्रात बुडी मारून आणलेला जीव, आणि पुढचं सगळं प्रयोगशाळेत. वनस्पतींचं तसं नाही. तिथे पुष्कळदा आधी कुणीतरी चाखलेलं असतं, वाटून लावलेलं असतं, बाळंतिणीला पाजलेलं असतं. आपल्या अंगणातली सदाफुली मूळची मादागास्करची. जमैकात लोक तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. त्या बोलबाल्यामुळे ती पानं कॅनडातल्या प्रयोगशाळेत पोहोचली. साखरेवर तिथे फारसा परिणाम दिसला नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्याचं रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांच्या लक्षात आलं. त्यातून व्हिनब्लास्टिन आलं. त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिनही मिळालं, आणि त्यानं लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचं चित्र पालटलं.

मावशींना सुरुवातीला सलाईनमधून दिलेलं औषध होतं पॅक्लिटॅक्सेल. अमेरिकेतल्या य्यू नावाच्या झाडाच्या सालीतून ते शोधून काढणाऱ्या दोघांपैकी एक, मनसुख वाणी, आपल्याच नंदुरबारला जन्मलेले. मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी १९७१ साली ते जगापुढे मांडलं. त्याआधी १९६६ साली याच दोघांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन शोधलं होतं. तेच द्रव्य पुढे आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या उग्र वासाच्या झाडातही सापडलं. त्यावरून तयार झालेलं टोपोटेकॅन हे औषध बीजकोशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर, म्हणजे खास बायकांच्या आजारांवर दिलं जातं. आणि नरक्याचं काय झालं? त्याला बाहेर मागणी आल्यावर सह्याद्रीत तो बेसुमार तोडला गेला. तोडणाऱ्याच्या हातात पडली मजुरी, तीही कवडीमोल.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की, या साखळीच्या दोन्ही टोकांना बाई उभी आहे. एका टोकाला पाला ओळखणारी आणि दुसऱ्या टोकाला त्या औषधाची गरज असलेली. मधल्या प्रत्येक कडीची नोंद आहे. शास्त्रज्ञाचं नाव आहे, संस्थेचं आहे, कंपनीचं आहे. ते असायलाच हवं, कारण त्यांची मेहनत खरी आहे. पण दोन्ही टोकांच्या बायका कुठल्याच वहीत नाहीत.

नोंद नसली की काय होतं, हे हळदीनं आपल्याला शिकवलं. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या कारकिर्दीत, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द करून घेतलं. आपण सगळ्यांनी आनंद केला, आणि तो योग्यच होता. पण लढाई जिंकली कशाच्या जोरावर? छापील आणि लिखित पुराव्यांच्या. संस्कृत ग्रंथातले उतारे दिले, १९५३ सालच्या वैद्यकीय नियतकालिकातला लेख दिला. त्या वेळच्या अमेरिकी पेटंट कायद्यात परदेशातली नुसती वहिवाट धरली जात नसे, लिहिलेलं लागे. कापलेल्या बोटावर हळद दाबून धरणाऱ्या लाखो आयांचे हात पुरावा ठरले नसते. हळद वाचली ती पोथीत होती म्हणून. जे पोथीत नाही त्याचं काय? आणि पोथ्या लिहिण्याची मुभा आपल्या आज्या-पणज्यांना कुणी दिली होती?

आता आमच्या जिल्ह्याकडे या. यवतमाळ म्हटलं की बाहेरच्यांना कापूस आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या आठवतात, फार तर २०१७ सालची फवारणीची विषबाधा. पण हा सागवानी जंगलाचाही जिल्हा आहे. मोह, पळस, बिब्बा, बेहडा, चारोळी, मुरडशेंग, शतावरी, गुळवेल हे सगळं गोळा करणारे हात बहुतांशी बायकांचे. कुठली मुळी पावसाआधी काढायची, कुठली साल झाडाच्या एकाच बाजूनं घ्यायची म्हणजे झाड मरत नाही, बिब्बा उतला तर काय करायचं, हे त्यांना ठाऊक असतं. मावशी पोडावर बाळंतपणंही करायच्या. त्यांच्याबरोबर रानात एक दिवस फिरले तेव्हा माझी वही अपुरी पडली होती.

जैविक विविधता कायदा २००२ साली झाला. त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत एक समिती आणि लोकांच्या माहितीवरून तयार केलेली लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. २००४च्या नियमांनी समितीत किमान एक-तृतीयांश बायका असाव्यात असं सांगितलं. पुढे कित्येक वर्षं हे काम रखडलं. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली आणि त्यानंतर राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं, तेव्हा धावपळ सुरू झाली.

ती धावपळ कशी झाली याचं एक उदाहरण मी पाहिलं आहे. एका गावची नोंदवही मी मागून घेतली. मावशींनी मला दाखवलेली बरीच झाडं त्यात होती. उपयोगही त्यांच्याच शब्दांत असावेत इतके ओळखीचे होते. शेवटच्या रकान्यात 'माहिती देणाऱ्याचे नाव' होतं. तिथे मावशींच्या दिराचं नाव! मी मावशींना विचारलं. त्या हसून म्हणाल्या, "तो खुर्चीवर बसला होता. मी मांगून सांगत होती." कुणी मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही. आलेली माणसं पंचायतीत बसली, समोर पुरुष बसले, बाई दाराआड उभी राहिली. समाजकार्याचं शिक्षण घेताना आम्हीही असेच फॉर्म भरायला शिकलो : कुटुंबप्रमुख कोण ते विचारा आणि त्याच्याकडून भरून घ्या. एका रकान्यात बाईचं आयुष्यभराचं शहाणपण दिराच्या नावावर चढतं. सातबाऱ्यावर जसं जमिनीचं झालं, तसंच हे.

रकान्यातल्या नावानं काय फरक पडतो, असं कुणी विचारेल. फरक पडतो. उद्या या ज्ञानावरून काही तयार झालं तर वाटा कुणाला, हे त्यावरून ठरणार. वाटा मिळणं अशक्य नाही. केरळात कानी आदिवासींनी १९८७ साली दाखवलेल्या आरोग्यपच्चा या वनस्पतीपासून औषध तयार झालं, तेव्हा त्यातल्या उत्पन्नाचा वाटा कानींच्या न्यासाला देण्यात आला. उत्तराखंड उच्च न्यायालयानंही २०१८ साली सांगितलं की, वाटा देण्याच्या जबाबदारीतून देशी कंपन्या सुटत नाहीत. पण २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. ग्रंथांत नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानाचा वापर करणाऱ्यांना वाट्याच्या बंधनातून सूट मिळाली. म्हणजे जे पोथीत आहे त्यावर वाटा मागता येणार नाही, आणि जे पोथीत नाही ते आपलं आहे हे सिद्ध करायचं कसं, हा प्रश्न. बाईच्या तोंडी असलेल्या ज्ञानाला आता त्या नोंदवहीचाच काय तो आधार आहे. आणि तिथे दिराचं नाव आहे.

लिहिण्यात धोकाही आहे, हे विसरून चालणार नाही. एकदा लिहिलं की कुणीही वाचणार. म्हणून सगळंच लिहून द्या, असं मी म्हणत नाही. काय लिहायचं, काय आपल्यातच ठेवायचं, हे ठरवण्याचा हक्क जाणणारीचा आहे. वनहक्क कायदा, २००६ नं जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर वनवासी समूहांचा सामुदायिक हक्क मान्य केला आहे. आमच्या केळापूर, मारेगाव, घाटंजी, राळेगाव या भागांतली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे पेसा कायद्यानं ग्रामसभेला जादा अधिकार आहेत. कायदा आहे. आपण तो किती ठिकाणी उघडून वाचला, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारायचा आहे.

आता एक अवघड गोष्ट, जी चळवळीत बोलताना आपण टाळतो. मावशींनी छातीच्या गाठीवर आठ महिने पाल्याचा लेप लावला. त्यांच्या सासूनं शिकवलेला. त्या आठ महिन्यांत गाठ वाढत गेली. बाईचं ज्ञान म्हणून त्याची आरती करायची, आणि त्यानं एका बाईचा वेळ गेला हे लपवायचं, हे मला जमणार नाही. रानातलं म्हणजे निरुपद्रवी, हाही भ्रमच. औषधात आणि विषात अंतर असतं ते मात्रेचं. व्हिन्क्रिस्टिन मात्रा चुकली तर जीव घेतं. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे झाले. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेचा संबंध गुळवेलीशी जोडला. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही. वाद असो, पण तपासून पाहायला हवं हे त्यातून नक्की कळतं. सदाफुलीचंही तेच झालं. लोक ती घेत होते एका आजारावर आणि ती कामाला आली दुसऱ्याच. लोकांच्या ज्ञानानं दार दाखवलं, आत काय आहे ते तपासणीनं कळलं. दोन्हींची गरज आहे आणि दोन्हींचा मान राखता येतो.

पण मावशींनी पालाच का लावला, हेही विचारू या. उपकेंद्रात गेल्यावर छाती तपासणारं कुणी नव्हतं. पुरुष डॉक्टरसमोर लुगडं बाजूला करायची लाज. वेचणीचे दिवस, एक दिवस मोडला की मजुरी बुडते. तालुक्याला जायचं तर गाडीभाडं, आणि सोबत घरातला पुरुष हवा. पाला मात्र हाताशी होता, फुकट होता आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नव्हती. उशीर पाल्यानं केला की व्यवस्थेनं? मावशींना अडाणी म्हणून मोकळे होणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आणि आता त्या महागड्या इंजेक्शनबद्दलही खरं बोलू. स्तनाचा कर्करोग पसरलेल्या ७६२ बायकांवर एरिब्युलिनचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात इतर उपचार घेणाऱ्या बायकांचं मध्यमान आयुर्मान १०.६ महिने होतं आणि एरिब्युलिन घेणाऱ्यांचं १३.१ महिने. फरक अडीच महिन्यांचा. अडीच महिने थोडे नाहीत. मावशींच्या धाकट्या मुलीची दहावीची परीक्षा होती. ते महिने मावशींच्या हक्काचे होते आणि पैशाअभावी ते नाकारले गेले, याचा राग मला आजही येतो.

पण याच महाराष्ट्रातला दुसरा एक अभ्यास पाहा. मुंबईत टाटा स्मारक केंद्रानं १९९८ पासून वीस वर्षं दीड लाखावर गरीब वस्त्यांतल्या बायकांचा मागोवा घेतला. निम्म्या बायकांची छाती दर दोन वर्षांनी हातानं तपासली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, तर शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविका होत्या. त्यांचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या आणि पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी ना यंत्र लागलं, ना समुद्रतळ, ना पेटंट. लागले ते बाईचे शिकलेले हात! मावशींचे हात असेच होते. पोटातलं बाळ आडवं आहे की उभं, हे त्या हातानं सांगायच्या. त्याच हातांना गाठ ओळखायला कुणी शिकवलं असतं तर?

म्हणून मैत्रिणींनो, दोन कामं आपण बरोबरच हाती घेऊ या. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. त्या सभेत गावची लोकजैवविविधता नोंदवही मागवा आणि मोठ्यानं वाचून घ्या. 'माहिती देणाऱ्याचे नाव' हा रकाना तपासा. जिचं ज्ञान आहे तिचं नाव, तिच्या संमतीनं, तिथे चढवायची मागणी करा. तिला सांगायचं नसेल ते पुसायची मागणीही करा. समितीवर ज्या बायका कागदोपत्री आहेत त्यांना आपण सदस्य आहोत हे माहीत तरी आहे का, ते विचारा.

त्याच सभेत दुसरा ठराव घ्या. आशाताईंकडे तिशीपुढच्यांसाठी जो तपासणी-फॉर्म असतो त्यात छातीतल्या गाठीचा प्रश्न आहे. तो विचारून थांबू नका म्हणावं. उपकेंद्रात ठरलेल्या दिवशी, पडद्याआड, बाईनं बाईची तपासणी झाली पाहिजे. दायांना आणि जाणत्या बायकांना त्याचं शिक्षण मिळालं पाहिजे, म्हणजे लेप लावणारा हातच 'आधी दाखवून ये' असं सांगेल. गाठ निघाली तर पुढच्या दवाखान्याचं गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी यांची सोय हवी. आणि ज्यांना उशीर झालाच आहे, त्यांच्यासाठी महागडी औषधं सरकारी योजनेत मिळतात की नाही, हे बाईला दारोदार न फिरवता एका खिडकीवर सांगितलं गेलं पाहिजे.

मावशींच्या गावच्या महिला सभेत ती नोंदवही वाचायची आम्ही मागणी केली आहे. मावशी नाहीत, पण त्यांच्याबरोबर रानात जाणाऱ्या तिघी आहेत, आणि या वेळी त्या दाराआड उभ्या राहणार नाहीत, असं त्यांनीच सांगितलं आहे. मावशींच्या झाडांपुढे मावशींचं नाव लागावं, एवढा त्यांचा पहिला आग्रह आहे.

तुमच्या गावच्या वहीत कुणाचं नाव आहे? पाहा आणि आम्हाला लिहा. पुढच्या अंकात तुमची पत्रं छापू.